फुटबॉल मॅच शूटिंगची सर्व्हिस घेतली, समोरच्या टीमचा डिफेन्स वाचायला: पैसे वसूल झाले का?

आधीच सांगतो, झाले. पण ते लोक ज्या गोष्टीची जाहिरात करतात त्यासाठी नाही, वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण नीट सांगायला पाहिजे म्हणून एवढं मोठं लिहितोय, कारण गेल्या दोन आठवड्यात कोल्हापुरातल्या चार-पाच टीमच्या पोरांनी मला विचारलं की दादा ते उंच पोलवरच्या कॅमेऱ्याचं काय झालं, आम्ही पण घ्यावं का.

मी आमच्या पेठेतल्या टीमसोबत असतो, कोचला मदत करतो, आधी बारा वर्षं स्वतः स्टॉपर, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध, खेळलोय. दिवसा उद्यमनगरात कामाला, संध्याकाळी ग्राउंडवर. टीमचं नाव लिहीत नाही, सीझन चालू आहे आणि समोरचे पण वाचणार. सर्व्हिसवाल्यांचं पण नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि पोरं नवीन आहेत, मेहनती आहेत, त्यांचा धंदा बसावा असं मला अजिबात वाटत नाही.

तर सर्व्हिस अशी आहे. दोन पोरं येतात, पाच-सहा मीटरचा फोल्डिंग पोल लावतात, वर कॅमेरा, त्यात दोन लेन्स, दोन्ही मिळून पूर्ण ग्राउंड एका वेळी रेकॉर्ड होतं. नंतर सॉफ्टवेअर आपोआप बॉलच्या मागे जाणारा व्हिडिओ बनवून देतं, वर गोल, कॉर्नर, फ्री किक असे टॅग लावून देतं, आणि कुठला प्लेअर कुठं जास्त फिरला त्याचा रंगीत नकाशा देतं. एका मॅचचे अडीच हजार. आम्ही स्वतःची मॅच नाही, पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी खेळायचं होतं त्यांची मॅच शूट करून घेतली. शाहू स्टेडियमवर, चारची मॅच, आयोजकांना रीतसर विचारून, लपवाछपवी काही नाही.

आता तुम्ही म्हणाल हल्ली आपल्या मॅच यूट्यूबवर लाईव्ह असतात, फुकट बघायला मिळतं, मग अडीच हजार कशाला. मी पण हेच म्हणत होतो. आमचे कोच, सगळे त्यांना तात्या म्हणतात, ते म्हणाले की लाईव्हमध्ये बॉल दिसतो, डिफेन्स दिसत नाही. तेव्हा मला वाटलं उगंच. पण घरी बसून दोन्ही व्हिडिओ शेजारी-शेजारी लावले आणि पटलं. बघा, समोरच्या टीमचा विंगर उजव्या बाजूनं बॉल घेऊन पळतोय, लाईव्हचा कॅमेरा त्याच्यावर, पब्लिक त्याच्या नावानं ओरडतंय, आणि त्याच वेळी मागं चाळीस मीटरवर त्यांचे दोन स्टॉपर काय करतायत, एकमेकांपासून किती लांब उभे आहेत, डावा बॅक (डाव्या बाजूचा डिफेंडर) आत आलाय की साईडलाईनवरच थांबलाय, कीपर पुढं आलाय की गोल लाईनवर चिकटलाय, हे काहीच फ्रेममध्ये नसतं. आणि बॉल गेला की दोन सेकंदात मार खायचा असतो तो नेमका तिथंच. डिफेन्स वाचायचा म्हणजे बॉल त्यांच्याकडं असताना मागचे चौघे काय करतात ते आधी वाचायचं. ते फक्त पूर्ण ग्राउंडच्या व्हिडिओत दिसतं.

म्हणून पहिली गोष्ट, बॉलच्या मागं पळणारा जो तयार व्हिडिओ देतात तो बघूच नका. त्यांच्याकडं कच्चा पूर्ण ग्राउंडचा व्हिडिओ मागा. तो ते स्वतःहून देत नाहीत, मागावा लागतो, आणि फाईल एवढी मोठी की माझ्या मोबाईल डेटावर उतरलीच नाही, शेवटी रात्री मित्राच्या ऑफिसात जाऊन वायफायवर घेतली.

बॉलमागं जाणारा व्हिडिओ चुकतो पण. आमच्यात दोन वेळा कॅमेरा बाहेर वॉर्मअप करणाऱ्या पोरांच्या बॉलकडं वळला, खेळ इकडं आणि चित्र तिकडं. हे सगळीकडंच होतं म्हणा, २०२० मध्ये स्कॉटलंडला इनव्हरनेसच्या मॅचमध्ये असाच आपोआप फिरणारा कॅमेरा बॉल सोडून लाईनमनच्या टकलाच्या मागं लागला होता, घरी बसून बघणारे वैतागले. त्यामुळं मशीनवर भरोसा ठेवून मॅच वाचायची नाही, डोळे आपलेच वापरायचे.

मी तीन रात्री बसलो. पहिल्या रात्री नुसतं बघितलं, काही लिहिलं नाही. दुसऱ्या रात्री फक्त त्यांचा बॉल गेला की पॉज, असं पूर्ण मॅच. तिसऱ्या रात्री फक्त कॉर्नर, थ्रो आणि फ्री किक. असं वेगवेगळं केल्याशिवाय काही हाताला लागत नाही, सगळं एकदम बघायला गेलं की परत बॉलच बघत बसतो माणूस.

काय सापडलं ते सांगतो, मॅच होऊन गेली त्यामुळं आता हरकत नाही. त्यांचा उजवा बॅक सारखा वर जातो, पहिल्या हाफमध्ये मी अकरा वेळा मोजलं. त्याची जागा भरायला त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर यायला पाहिजे, तो सात वेळा आला, चार वेळा नाही आला, आणि ते चारही वेळा उजवा स्टॉपर बाहेर ओढला गेला. तो बाहेर गेला की दोन स्टॉपरच्या मधे ट्रक जाईल एवढी गॅप. दुसरं म्हणजे त्यांची लाईन, म्हणजे मागच्या चौघांची रांग, कीपरच्या ओरडण्यावर वर येते, स्टॉपरच्या नाही. कीपर ओरडतो, मग चौघे पळतात, पण डावा बॅक प्रत्येक वेळी अर्धा सेकंद उशिरा निघतो. व्हिडिओला आवाज नीट नाही, पण कीपरचा हात वर जाताना दिसतो, त्यावरून कळलं. तिसरं, कॉर्नरला सगळे माणसाला माणूस धरतात आणि जवळच्या पोस्टवर कुणीच नाही. कुणीच म्हणजे कुणीच नाही, सहा कॉर्नरपैकी एकालाही नाही.

आणि थ्रो. हे मला सगळ्यात जास्त आवडलं म्हणून जरा थांबतो. लाईन वर ठेवणाऱ्या टीमच्या डोक्यात सतत ऑफसाइड असतं (पास निघताना समोरचा फॉरवर्ड डिफेन्सच्या मागं असेल तर त्याला तो बॉल खेळता येत नाही), सवयच लागते. पण थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नसतंच, हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि खेळताना कुणाच्याच ध्यानात राहत नाही. ही टीम थ्रोला पण तीच वरची लाईन धरून उभी राहत होती, मागं पंचवीस मीटर मोकळं. समोरच्यांनी त्या मॅचमध्ये एकदाही त्याचा फायदा घेतला नाही. मी रात्री दीड वाजता तात्यांना मेसेज टाकला, त्यांचा लगेच फोन आला, म्हणजे ते पण जागेच होते.

आता ही सर्व्हिस जे देऊ शकत नाही ते. एका मॅचवरून डिफेन्स वाचायचा म्हणजे फसायची फुल तयारी. समोरच्या टीमचा डिफेन्स मागच्या मॅचमध्ये कसा दिसला हे त्या मॅचमधल्या त्यांच्या समोरच्यांवर पण अवलंबून असतं. २०२२ च्या वर्ल्ड कपची सौदी-अर्जेंटिना मॅच सगळ्यांनी बघितलीय, २२ नोव्हेंबर, लुसेल. सौदीचे तेव्हाचे कोच एर्वे रेनार यांनी लाईन एवढी वर ठेवली की अर्जेंटिना दहा वेळा ऑफसाइड, पहिल्या हाफमध्येच तीन गोल रद्द, आणि सौदी २-१ जिंकली. चार दिवसांनी त्यांची मॅच पोलंडशी. तुम्ही पोलंडचे कोच असता तर काय बघितलं असतं, तीच लाईन ना? पण मॅच झाली कशी, बॉल जास्त वेळ सौदीकडंच राहिला, पोलंड मागं दबून बसलं, त्यामुळं लाईनच्या मागं पळायचा प्रश्न मेन राहिलाच नाही. पोलंडचा पहिला गोल, लेवांडोव्स्कीनं बॉल बाहेर जाऊ न देता मागं ढकलला आणि झेलिन्स्कीनं मारला, दुसरा, सौदीच्या अल मालकीचा बॉल पायातून सुटला आणि लेवांडोव्स्कीनं तो घेऊन मारला. मधे पोलंडचा कीपर श्चेन्स्नीनं पेनल्टी वाचवली ती वेगळीच. आणि सौदीचा डावा बॅक अल शहरानी तर अर्जेंटिनाच्या मॅचच्या शेवटी स्वतःच्याच कीपरला धडकून जबर जखमी झाला होता, म्हणजे मागच्या मॅचमधला तो डिफेन्स पुढच्या मॅचमध्ये उतरलाच नाही.

बिएल्सा इंग्लंडच्या लीड्स टीमचे कोच होते तेव्हा त्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं की समोरच्या डर्बी टीमच्या आधीच्या सीझनच्या ५१ मॅच आमच्या स्टाफनं बघितल्यात. ५१. आपल्याकडं एक, ती पण उन्हातली.

आणि आमचं नेमकं तेच झालं. ज्या डाव्या बॅकला मी उशिरा निघणारा म्हणून लाल पेननं गोल केला होता तो त्यांचा रोजचा बॅकच नव्हता. रोजचा पोरगा कार्डमुळं बाहेर होता, आमच्या मॅचला परत आला, आणि काय खेळला तो, आमच्या विंगरला अर्धा तास वळू दिलं नाही. व्हिडिओत जर्सी नंबर नीट दिसत नाही म्हणून माझ्या लक्षात आलं नाही, पण खरं सांगायचं तर चूक माझी, टीमशीट (मॅचला कोण कोण उतरलं त्याची यादी) बघायला पाहिजे होती, ती आयोजकांकडं सहज मिळते. आता कुणी ही सर्व्हिस घेत असेल तर आधी टीमशीटचा फोटो काढून ठेवा, मगच व्हिडिओ उघडा.

पण थ्रोचं काम झालं. ३४ व्या मिनिटाला आमच्या पोरानं पटकन थ्रो घेतला, लाईनच्या मागं, त्यांचे दोन बॅक हात वर करून ऑफसाइड मागत उभे, आणि आमचा फॉरवर्ड कीपरसमोर एकटा. गोल. स्टँडमध्ये काय झालं ते सांगायला नको, ज्यांनी शाहू स्टेडियम भरलेलं बघितलंय त्यांना माहितीय. मी मात्र तात्यांकडं बघत होतो, ते शांतपणे घड्याळ बघत होते. मॅच १-१ सुटली, त्यांनी फ्री किकवर बरोबरीचा गोल केला, पंचवीस मीटरवरून, त्याला कुठला व्हिडिओ काय करणार. जवळच्या पोस्टवर आम्ही तीन कॉर्नर टाकले, एक बारला लागला, दोन वाया. स्टॉपरच्या मधली गॅप पण दोनदाच मिळाली, कारण आमची टीम समोर असताना त्यांचा उजवा बॅक एवढा वर आलाच नाही.

सर्व्हिसच्या तक्रारी. लिंक सकाळी नऊला देतो म्हणाले, दुपारी चारला आली, आणि आपल्या लोकल मॅचमध्ये मधे चारच दिवस असतील तर एक पूर्ण दिवस जाणं परवडत नाही. पोल अशा ठिकाणी लावला की उन्हं उतरताना सूर्य थेट लेन्सवर, दुसऱ्या हाफची वीसेक मिनिटं एका बाजूचे प्लेअर नुसत्या सावल्या. नेमकं याच वेळात पाय थकतात आणि डिफेन्स उघडा पडतो, म्हणजे सगळ्यात कामाचा भाग गेला. रंगीत नकाशे तर सोडूनच द्या, दोन्ही टीमच्या जर्सी गडद असल्यामुळं सॉफ्टवेअरनं प्लेअर एकमेकांत मिसळले, नकाशाप्रमाणं त्यांचा स्टॉपर आमच्या ओळखीच्या विंगरएवढा पळालाय. हे दाखवून जर कुणी जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका. टॅग पण अर्धेच, कॉर्नर बरोबर लागले, थ्रो एकही नाही. आणि लिंक चौदा दिवसांनी बंद होते हे कुणी सांगत नाही, डाउनलोड करून ठेवा.

चांगलं पण सांगायला पाहिजे. पोरं वेळेच्या तासभर आधी आली, पोलला चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या, वारं सुटलं तरी चित्र हललं नाही. मी उन्हाची तक्रार केली तर वाद घातला नाही, पुढच्या वेळी आधी येऊन जागा ठरवू म्हणाले आणि पाचशे कमी करून दिले, मी मागितले नव्हते. कच्च्या व्हिडिओत मोठं करून बघितलं तर लांबचा बॅक पण ओळखू येतो, कमरेचा अँगल दिसतो, कुठल्या पायावर वजन आहे ते कळतं, आणि माझ्यासारख्या जुन्या स्टॉपरला त्याहून जास्त काय पाहिजे.

ज्यांच्याकडं बजेट कमी आहे त्यांनी अख्खं पॅकेज घेऊ नये, फक्त कच्चा व्हिडिओ मागावा, बोललात तर पंधराशेत देतात. आणि ज्या टीमला रात्री बसून बघणारा एक माणूस नाही त्यांनी घेऊच नये, नुसती लिंक ग्रुपवर टाकून काही होत नाही, पोरं पहिले पाच मिनिटं बघतात आणि रील्सवर जातात. आमच्या पोरांना मी पूर्ण मॅच दाखवलीच नाही, चाळीस-चाळीस सेकंदाचे सहा तुकडे कापले आणि तालमीत भिंतीवर लावून दाखवले, थ्रोचा तुकडा तीन वेळा.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. रविवारच्या मॅचचं बुकिंग केलंय, यावेळी त्यांच्यासोबत मी पण दुपारी दोनला स्टेडियमवर जाणार आहे, पोल कुठं लावायचा ते ऊन बघून ठरवायला, आणि टीमशीट आधी हातात घ्यायला.