डायसरची अँटीबॉडी: सोलापुरातल्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पहिली कुपी जानेवारीत, ऐन गड्ड्याच्या यात्रेत आली. होम मैदानाकडच्या गर्दीतून वाट काढत कुरिअरवाला पोचला तेव्हा थर्माकोलच्या डब्यातला बर्फ अजून टणक होता. डायसर म्हणजे पेशीतलं लांब दुपदरी आरएनए कापणारं प्रथिन, आणि ही अँटीबॉडी त्याला चिकटून ते दाखवून देते. सशाची पॉलिक्लोनल (म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), मानवी डायसरविरुद्धची, १०० मायक्रोलिटर. आता सप्टेंबर संपत आलाय, दुसरी कुपी निम्म्यावर आहे. आमच्यासारख्या छोट्या लॅबमध्ये डायसर बघायचा विचार असेल तर हा अनुभव उपयोगी पडेल.

सुरुवातीचे दोन महिने मी या अँटीबॉडीला विनाकारण दोष देत होते. प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करायची, पडद्यावर उतरवायची आणि अँटीबॉडीने शोधायची, तो ब्लॉट कोराच्या कोरा यायचा. डायसर हे अवाढव्य विकर आहे, १९२२ अमिनो आम्लांचं, जवळजवळ २१८ किलोडाल्टन वजनाचं. १० टक्क्यांच्या जेलमध्ये ते वरच अडकून बसतं आणि एका तासाच्या ट्रान्सफरमध्ये पडद्यावर उतरतच नाही. एकदा पडद्यावर पॉन्सोचा, सगळी प्रथिनं दाखवणारा रंग टाकून पाहिला. ५० किलोडाल्टनच्या आसपास लालबुंद पट्टे, आणि वर, जिथे डायसर असायला हवा, तिथे पडदा पांढरा. मग तेच जेल कूमासी या प्रथिनांच्या रंगात टाकलं, तर वजनदार प्रथिनं सगळी जेलमध्येच बसलेली. जे पडद्यावर नाहीच, त्याला अँटीबॉडी चिकटणार कशी?

तेव्हापासून ६ टक्क्यांचं जेल, ट्रान्सफर बफरमध्ये मिथेनॉल २० ऐवजी १० टक्के, चिमूटभर एसडीएस (प्रथिनं जेलमधून सुटायला मदत करणारा साबणासारखा पदार्थ), आणि ३० व्होल्टवर रात्रभर, टाकी फ्रीजमध्ये ठेवून. मार्चमधल्या एका सकाळी फिल्म धुताना माझी विद्यार्थिनी डार्करूममधूनच ओरडली, "मॅडम, पट्टी दिसतीय! अडीचशेच्या जरा खाली!" ती पातळ, सरळ, एकटी रेघ मी अजून वहीत चिकटवून ठेवलीय.

पण योग्य उंचीवर रेघ आली म्हणजे ती डायसरचीच, असं नाही. पॉलिक्लोनल असल्यामुळे ७० किलोडाल्टनजवळही एक पट्टा येतो, आणि तो चांगला ठसठशीत येतो. म्हणून हेला पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) डायसरविरुद्धचा एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक प्रथिन बनू न देणारा आरएनएचा छोटा तुकडा, घालून ७२ तासांनी ब्लॉट केला. विद्यार्थ्यांनी रास्त प्रश्न विचारला: डायसरच कमी करायचा तर एसआयआरएनए चालणार कसा? उत्तर असं की आपण घालतो तो तुकडा आधीच २१ न्यूक्लिओटाइडचा असतो. डायसरचं काम लांब दुपदरी आरएनए कापून असे तुकडे करण्याचं. ते आपण कारखान्यातूनच करून आणलेलं असतं. तुकडा थेट आर्गोनॉट या प्रथिनापाशी जातो आणि डायसरचा संदेशवाहक आरएनए कापला जातो. आमच्या ब्लॉटवर वरची रेघ अगदी फिकी झाली, ७० ची जशीच्या तशी राहिली. त्या दिवशी माझा या अँटीबॉडीवर विश्वास बसला. हा कंट्रोल केल्याशिवाय कुणीही हिच्यावर निष्कर्ष काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

फायर आणि मेलो यांनी १९९८ साली इवल्याशा कृमीत दुपदरी आरएनएमुळे जनुक गप्प होतं हे दाखवलं आणि २००६ साली त्यांना नोबेल मिळालं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. कापणारं विकर २००१ साली फळमाशीच्या पेशींत सापडलं तेव्हा त्याला डायसर हे नाव मिळालं. पण ते सांगणं वेगळं, आणि आपल्याच शहरात, आपल्याच पेशींत ते विकर कमी होताना मुलांना दाखवणं वेगळं.

लोडिंग कंट्रोलबद्दल, म्हणजे प्रत्येक रांगेत सारखंच प्रथिन घातलंय हे दाखवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाबद्दल, एक सांगते. ६ टक्क्यांच्या जेलमधून ४२ किलोडाल्टनचं अ‍ॅक्टिन पळून जातं. आम्ही विन्क्युलिन घेतो, ११७ किलोडाल्टनच्या आसपासचं. एकाच पडद्यावर दोन्ही नीट दिसतात.

आता उन्हाळा. सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा ४२ च्या वर आणि दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नाही. कुपी आली त्याच दिवशी तिचे ५-५ मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० ला ठेवले होते, तेच कामी आलं. लागेल तेवढा एकच भाग बाहेर काढायचा, परत गोठवायचा नाही. पातळ केलेली अँटीबॉडी आधी दुधाच्या पावडरीत ठेवायचो. उन्हाळ्यात ते दूध दोन दिवसांत फाटून वास यायला लागला. मग बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) आणि द्रावण नासू न देणाऱ्या ०.०२ टक्के सोडियम अझाइडवर आलो. एकच द्रावण चार वेळा वापरता येतं. मात्र अझाइड एचआरपीला, म्हणजे पट्टी चमकवणाऱ्या विकराला मारतं, त्यामुळे ते विकर जोडलेल्या दुसऱ्या अँटीबॉडीत अझाइड अजिबात नको. लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) बर्फावरच, आणि प्रथिनं तुटू न देणारा प्रोटिएज इनहिबिटर विसरायचा नाही. एवढं मोठं प्रथिन लगेच तुटतं आणि खाली नको त्या पट्ट्या येतात.

दुसरी कुपी मे महिन्यात मागवली, तिथे मात्र मनस्ताप झाला. शनिवार-रविवार डबा कुरिअरच्या गोदामात पडून राहिला. उघडला तेव्हा बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. फोन केला तर विक्रेत्याचं एकच पालुपद, "मॅडम, ग्लिसरॉल आहे, काही होत नाही." १:१००० इतकी पातळ केल्यावर रेघ फिकी आली, १:५०० करावं लागलं. लॉटही (उत्पादनाची खेप) बदललेला होता, त्यामुळे दोष उन्हाचा की लॉटचा हे मला वेगळं करता आलं नाही. म्हणजे कुपी निम्मीच पुरते, आणि आमच्या विभागाला ते परवडत नाही.

इम्युनोप्रेसिपिटेशनला, म्हणजे अँटीबॉडीने प्रथिन द्रावणातून ओढून काढायला, ती छान चालते. डायसरसोबत टीआरबीपी हे त्याचं जोडीदार प्रथिनही ओढलं जातं, पण त्याचा पट्टा आयजीजीच्या, म्हणजे सशाच्या या अँटीबॉडीच्याच, जड साखळीजवळ पडतो. त्यासाठी टीआरबीपीची अँटीबॉडी उंदराची घ्या. इम्युनोफ्लुओरेसन्सला, म्हणजे पेशीत प्रथिन कुठे आहे ते चमकवून बघायला, मी तरी वापरणार नाही. ७० चा तो परका पट्टा इथे प्रकाश होऊन मिसळतो, आणि काय खरं हे कळत नाही. डाळिंबावर काम करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं होतं, पानांवर चालेल का? नाही. वनस्पतींमध्ये डायसरसारखी वेगळी प्रथिनं असतात, संशोधकांच्या आवडत्या रोपट्यात, अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये चार. त्यांच्यासाठी त्यांचीच अँटीबॉडी हवी.

तिसरी कुपी मागवतेय. या वेळी पहिल्या लॉटचा क्रमांक ऑर्डरवर लिहून दिलाय, डबा सोमवारी निघेल असं कबूल करून घेतलंय, आणि तारीख दिवाळीनंतरची, थंडी पडल्यावरची घेतलीय.