रॉकरपर्यंत तेल पोचवणारं गॅरेज, अक्कलकोट रोड

आमच्या वडिलांची १९७६ ची अ‍ॅम्बेसेडर, मार्क थ्री, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. गेल्या उन्हाळ्यात टॅपेट कव्हरखालून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखालून, टकटक सुरू झाली. आधी जिथे जात होते तिथे दोनदा टॅपेट सेट केले, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट जुळवली. पंधरा दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, ब्लॉकमधून बाहेरून तांब्याची नळी काढून थेट रॉकरवर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांड्यांवर, तेल सोडू. मी हो म्हणणारच होते. शेजारच्या काकांनी अडवलं आणि अक्कलकोट रोडच्या गॅरेजवाल्या मामांकडे पाठवलं.

मामांनी आधी कव्हर काढलं, इंजिन स्लोवर ठेवलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. "ताई, तुम्हीच बघा." आठ रॉकर. मागचे तीन तेलाने चकाकत होते, पुढे ओल कमी कमी होत गेलेली, आणि रेडिएटरकडचे दोन पार कोरडे, तांबूस पडलेले. मी म्हटलं, ऑइलचा दिवा तर वेळेवर विझतो. "दिवा खालचं प्रेशर सांगतोय. वर तेल पोचलंय का, हे त्याला कुठनं कळणार?"

मग त्यांनी वाट समजावली. पंप इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं तेल उचलतो, ते क्रँक आणि कॅमशाफ्टच्या बेअरिंगांना जातं. कॅमशाफ्टच्या मागच्या बेअरिंगपासून एक बारीक भोक ब्लॉकमधून, त्यावरच्या हेडमधून वर चढतं आणि रॉकर शाफ्टच्या अगदी मागच्या ब्रॅकेटमध्ये उघडतं. रॉकर ज्यावर बसतात तो हा शाफ्ट पोकळ. त्यातून तेल पुढे सरकतं, प्रत्येक रॉकरखालच्या छिद्रातून झिरपतं आणि पुशरॉडच्या (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांच्या) भोकांतून परत चेंबरमध्ये उतरतं. पुढचा रॉकर म्हणजे आमच्या गल्लीतला शेवटचा नळ. सगळेच कोरडे असते तर अडथळा ब्लॉक-हेडमध्ये किंवा गॅसकेटपाशी शोधावा लागला असता. मागचे ओले आणि पुढचे कोरडे, म्हणजे शाफ्टच तुंबलेला. कव्हर सोडून काहीही न खोलता एवढं निदान झालं, आणि मला ते फार आवडलं.

शाफ्ट काढण्याआधी त्यांनी रेडिएटरमधलं पाणी सोडलं आणि हेडचे सगळे नट थोडे थोडे, क्रमाने सैल केले. या इंजिनात रॉकरच्या ब्रॅकेटचे काही नट हेडलाही धरून ठेवतात. नुसते तेवढेच खोलले तर हेडवर एकाच बाजूने ताण येतो. आतून निघालेला गाळ डांबरासारखा घट्ट होता. शाफ्टच्या खालच्या बाजूला नख फिरवलं तर पायऱ्या लागत होत्या. पुशरॉड आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दोन्ही रॉकरला वर ढकलतात, म्हणून झीज खालीच होते. तिथे तेल नसेल तर आज सेट केलेला टॅपेट उद्या सैल होणारच.

बाहेरच्या नळीला त्यांनी साफ नकार दिला. वर नको तेवढं तेल गेलं की ते व्हॉल्व्ह गाइडमधून जळतं, गाडी धूर टाकते आणि खालच्या बेअरिंगांचं प्रेशर पडतं.

नवा शाफ्ट आणि बुश पुण्याहून मागवले. ब्लॉक-हेडचं भोक हवा मारून मोकळं केलं, ऑइल-फिल्टर बदलला, टॅपेट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बसवले. सगळे मिळून ६,८०० रुपये. मला रास्त वाटले.

तक्रार आहे, तीही मोठी. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले, मध्ये फोन उचलला नाही आणि पक्कं बिल मागून घ्यावं लागलं. घाई असेल त्यांनी जाऊ नये.

गाडी देताना मामांनी पुन्हा कव्हर काढून दाखवलं. या वेळी पुढच्या दोन्ही रॉकरच्या कडेने तेल झिरपत होतं. त्यानंतर तुळजापूरला दोनदा जाऊन आले, टकटक नाही. जुना शाफ्ट त्यांनी कागदात गुंडाळून परत दिलाय. ५०० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळायला बोलावलंय, मी जाणार आहे.