थांब्यापासून फाटकापर्यंत : शाळेच्या बससेवेची अडीच वर्षे

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हापासून शाळेच्या पिवळ्या बसने जाते-येते. त्याआधी बालवर्गाची दोन वर्षे मी तिला स्कूटरवरून सोडत आणि आणत असे. दोन्ही गोष्टी पुरेसा काळ करून पाहिल्यामुळे बससेवेचे गुणदोष थोड्या तपशिलाने लिहिण्याचे धाडस करते आहे. शाळेचे आणि ठेकेदाराचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण ज्या तक्रारी पुढे येतील त्यांतल्या बहुतेक मी इतर शाळांच्या पालकांकडूनही जवळजवळ याच शब्दांत ऐकल्या आहेत.

आमची बस डहाणूकर कॉलनीच्या बाजूने निघते, कर्वे पुतळ्यावरून नळ स्टॉपला येते आणि तेथून लॉ कॉलेज रस्त्याकडे वळते. आमच्या थांब्यापासून शाळा सुमारे पाच किलोमीटरवर आहे. गाडी ३२ आसनांची असून सकाळच्या फेरीला १४ थांबे आहेत. आमची वेळ ६ वाजून ३५ मिनिटांची. अडीच वर्षांत सकाळची गाडी दहा मिनिटांहून अधिक उशिरा आल्याचे मला चार-पाच वेळाच आठवते, आणि त्यांतल्या दोन वेळा मुसळधार पाऊस होता. पुण्यात एवढा वक्तशीरपणा कौतुकास्पद म्हणावा लागेल.

गाडीच्या सुस्थितीबद्दल मी पहिल्याच आठवड्यात चौकशी केली. आपल्याकडे शाळेच्या बसला आज जे नियम आहेत, त्यांतल्या अनेकांमागे एक मोठी दुर्घटना आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजीराबाद येथे मुलांनी भरलेली बस पुलाचा कठडा तोडून यमुनेत कोसळली आणि २८ मुलांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने खिडक्यांना आडवे गज, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, वेगनियंत्रक, बसवर शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक आणि मुलांसोबत जबाबदार व्यक्ती असावी, अशा सूचना दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली शालेय बससाठी स्वतंत्र नियमावलीच केली. आमच्या बसमध्ये यांपैकी सर्व गोष्टी आहेत. अग्निशामकावरची मुदतीची चिठ्ठीही चालू वर्षाची निघाली, आणि फिटनेस व विमा यांची मुदत गाडीच्या क्रमांकावरून एमपरिवहन ॲपवर कोणालाही दोन मिनिटांत पाहता येते. वेगनियंत्रक अर्थातच आहे, पण सकाळी सातनंतर कर्वे रस्त्यावर त्याचे काम वाहतूककोंडीच परस्पर करून टाकते. एकच उणीव मला दिसली. मागच्या बाजूच्या आणीबाणीच्या दरवाजासमोर दप्तरांचा ढीग लागलेला असे. सांगितल्यावर तो हलला, पण परीक्षेच्या दिवसांत पुन्हा जमला आणि मला पुन्हा सांगावे लागले.

या सेवेचा खरा कणा म्हणजे बसमधल्या ताई. मुलगी पहिलीत असतानाचा एक प्रसंग सांगते. प्रत्येक लहान मुलाच्या पालकाला शाळेने एक ओळखपत्र दिले आहे, आणि दुपारी मूल उतरवून घेताना ते दाखवावे लागते. आमच्या पुढच्या थांब्यावर एका मुलाचे आजोबा रोज न्यायला येत. ताई त्यांना चांगले ओळखत होत्या. एके दिवशी आजोबा कार्ड घरीच विसरले. मी त्या दिवशी मुलीला घेऊन त्याच बाजूला दुकानात जात होते, त्यामुळे सगळे माझ्यासमोरच घडले. आजोबांचा आवाज चढला, "अहो, रोज मीच येतो ना! आज काय नवीन?" ताईंनी पायरीवरूनच शांतपणे सांगितले, "आजोबा, रागावू नका. तुम्हाला मी ओळखते, पण उद्या माझ्या जागी दुसरी बाई असेल, ती ओळखणार नाही. घरून फोन येऊ द्या, मी लगेच सोडते." मुलाच्या आईचा शाळेच्या कार्यालयात फोन आला, कार्यालयाचा ताईंना आला आणि मगच मूल खाली उतरले. मधल्या सहा-सात मिनिटांत मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. आजोबा नंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते. मला मात्र त्या दिवशी वाटले, की महिन्याच्या शुल्कातला मोठा वाटा या सहा-सात मिनिटांचा आहे.

याच ताई शेवटचे मूल उतरल्यावर गाडीच्या मागच्या आसनापर्यंत चालत जातात आणि प्रत्येक बाकाखाली वाकून पाहतात. पाण्याची बाटली, स्वेटर, एखादा बूट सापडतो. झोपलेले मूल गाडीत राहून जाऊ नये म्हणूनच ही पद्धत आहे, आणि ती चुकवताना मी त्यांना कधी पाहिलेले नाही. खासगी पांढऱ्या पाटीच्या व्हॅनमध्ये, जिथे एकच काका गाडी चालवतात, दार उघडतात, दप्तरे उतरवतात आणि फोनही घेतात, तिथे ही दक्षता कितीही इच्छा असली तरी शक्य होत नाही. व्हॅनवाल्या काकांच्या मायेबद्दल मला शंका नाही. त्यांना दोनच हात आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तक्रारी. पहिली आणि गंभीर तक्रार दुपारच्या थांब्याची आहे. सकाळी बस आमच्या बाजूने येते, दुपारी परतताना ती रस्त्याच्या पलीकडे थांबते. आपल्याकडे बसचा दरवाजा डाव्या बाजूला असल्यामुळे मूल सुरक्षितपणे पदपथावर उतरते खरे, पण घर समोरच्या बाजूला असेल तर त्याला लगेच बसच्या पुढून किंवा मागून रस्ता ओलांडावा लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मागचा दुचाकीस्वार बसला वळसा घालून जोरात पुढे येतो. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की मागच्या वाहनांना कायद्याने थांबावे लागते. आपल्याकडे थांबलेली बस हा ओलांडून जाण्याचा अडथळाच समजला जातो. गेल्या वर्षी माझी मुलगी बसच्या पुढून निघाली असताना एक स्कूटर तिच्या दप्तराला घासून गेली. तिला काही झाले नाही, पण दप्तराचा पट्टा तुटला. मी लेखी तक्रार केली. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आले, की ज्यांची घरे पलीकडे आहेत त्यांच्या पालकांनी बसच्या दरवाजापाशी येऊन थांबावे. सूचना चुकीची नाही. मात्र परतीची फेरी शंभर-दीडशे मीटर पुढे नेऊन चौकातल्या सिग्नलपाशी थांबा दिला असता, तर मुलांना झेब्रा पट्ट्यांवरून ओलांडता आले असते, आणि तो बदल अजूनही झालेला नाही.

दुसरी तक्रार वेळेची. ती अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात दोष एकट्या ठेकेदाराचा नाही. स्कूटरवरून मी मुलीला सकाळी १८ ते २० मिनिटांत पोचवत असे. बसला ४५ ते ५० मिनिटे लागतात. म्हणजे सात वर्षांच्या मुलीची अर्ध्या तासाची झोप दररोज कमी होते. अनेक पालक याच कारणाने पहिल्या सहामाहीनंतर बस सोडून देतात, आणि त्यांना दोष देणे कठीण आहे. मात्र हा वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे म्हणून मी एक दिवस शाळेच्या परवानगीने बसमध्ये बसून गेले. चौदा थांब्यांपैकी पाच थांबे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते, कारण प्रत्येक सोसायटीला बस आपल्याच दाराशी हवी आहे. तिथे जवळपास बारा मिनिटे गेली. नळ स्टॉपच्या सिग्नलला दोन फेऱ्या थांबावे लागले. आणि शाळेच्या गल्लीत शिरल्यावर, फाटक समोर दिसत असताना, शेवटच्या तीनशे मीटरला अकरा मिनिटे लागली.

ती अकरा मिनिटे कोणामुळे गेली, हे खिडकीतून स्वच्छ दिसत होते. दोन्ही बाजूंना मुलांना सोडायला आलेल्या मोटारी दुहेरी रांगेत उभ्या होत्या, मधून स्कूटरी उलट दिशेने येत होत्या, आणि एका मोटारीतून उतरलेले एकच मूल दप्तर, डबा आणि प्रकल्पाचा तक्ता सांभाळत चाकांमधून वाट काढत होते. म्हणजे बस उशिरा पोचते म्हणून पालक बस सोडतात, आणि बस सोडलेल्या पालकांच्या गाड्यांमुळे बस आणखी उशिरा पोचते. दोन वर्षे त्या गल्लीत मीही याच रांगेत होते, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा मला बसचाच राग येत असे, कारण ती एवढी मोठी गाडी गल्लीत अडकून बसायची.

मूल सोडणाऱ्या पालकाच्या दिवसातून चार फेऱ्या होतात. सकाळी जाऊन येणे आणि दुपारी जाऊन येणे. त्यांतल्या दोन फेऱ्यांना वाहनावर मूल नसतेच. आमच्या बसमध्ये २८ मुले आहेत. भावंडे धरून ती २४ घरांतली. या सर्वांनी स्वतंत्र वाहन आणले तर त्या अरुंद गल्लीत सकाळीच २४ वाहने येणार आणि २४ जाणार, आणि दुपारी पुन्हा तेच. बस सकाळी एकदा येते, मुले उतरवते आणि निघून जाते.

स्कूटरच्या सुरक्षिततेबद्दल फार लिहीत नाही, कारण सगळ्यांना सगळे माहीत आहे. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान मुलासाठी हेल्मेटसोबत चालकाला जोडणारा पट्टा फेब्रुवारी २०२३ पासून सक्तीचा झाला आहे. आमच्या गल्लीत तो पट्टा मी आजवर एकदाच पाहिला. पुढे एक, मागे एक आणि मध्ये दप्तर हे दृश्य मात्र रोजचे आहे.

शुल्क दरमहा २,४०० रुपये असून ते वर्षाला दहा महिन्यांचे घेतात. स्कूटरच्या पेट्रोलशी तुलना केली तर बस निश्चितच महाग पडते. रोजचे वीस किलोमीटर धरले तरी माझा पेट्रोलचा खर्च महिन्याला हजार-अकराशेच्या पुढे जात नसे. मात्र चार फेऱ्यांत माझा रोज दीड तास जात होता, आणि दुपारच्या फेरीसाठी मी अर्धवेळ नोकरी धरली होती. तो हिशेब ज्याचा त्याने करावा. भावंडांना सवलत नाही, आणि ती असायला हवी. दोन मुले असलेल्या घराला महिना ४,८०० रुपये भरण्यापेक्षा जुनी मोटार बाहेर काढणे परवडते, आणि मग तीच मोटार गल्लीत येऊन उभी राहते.

गाडी कुठे आहे ते दाखवणारे ॲप निम्म्या वेळा मागच्या थांब्यावरच अडकलेले असते. त्यावर विसंबू नये. ताईंचा फोन अधिक खात्रीचा.

२०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते आणि तिच्यात पालकांचा, वाहतूक पोलिसांचा व आरटीओचा प्रतिनिधी असतो. आमच्याकडे ती आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळले, तेही सूचना फलकाच्या एका कोपऱ्यात. या वर्षी समितीपुढे आम्ही काही पालकांनी दोन मागण्या मांडल्या आहेत. हाकेच्या अंतरावरचे पाच थांबे एकत्र करून दोन करावेत, आणि सकाळी पाऊण तास शाळेच्या गल्लीत बसखेरीज मोटारींना मज्जाव करून त्यांना मुख्य रस्त्यावरच मुले उतरवायला सांगावे. दुसऱ्या मागणीवर बैठकीत बरीच वादावादी झाली आणि ती पुढच्या बैठकीवर गेली. पहिली तत्त्वतः मान्य झाली, फक्त आपल्या सोसायटीचा थांबा सोडायला कोणी पुढे येईना.

पुढील वर्षाचा बसचा अर्ज गेल्या आठवड्यात भरून दिला. थांब्याच्या रकान्यात यंदा सोसायटीचे नाव न घालता चार मिनिटे चालत जावे लागणाऱ्या चौकाचे नाव लिहिले आहे. मुलीला ते अजून सांगितलेले नाही.