स्वस्त चुना नेमका कोणता? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जमिनीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; ७ च्या जितका खाली, तितकी माती आम्ल) माती परीक्षणात ५.२ आला, तेव्हा चुना टाकावा लागणार हे निश्चित झाले. प्रश्न होता तो कोणता घ्यावा याचा. जवळ उपलब्ध असलेल्या प्रकारांत भरड दळलेली चुनखडी सर्वांत स्वस्त होती, बारीक दळलेली चुनखडी त्याहून महाग, आणि दाणेदार चुना सर्वांत महाग. मी एका वाफ्याचे दोन सारखे भाग केले आणि एकात भरड, दुसऱ्यात बारीक चुनखडी वजनाने अगदी समान टाकली. दोन्ही ठिकाणी ती सुमारे १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत मातीत नीट मिसळली, कारण चुना मातीत जवळजवळ सरकतच नाही आणि नुसता वर पसरला तर वरच्या पातळ थरापुरताच काम करतो.

आठ महिन्यांनी दोन्ही भागांतून त्याच खोलीची माती काढून तपासली. बारीक चुनखडीच्या भागाचा सामू ६.१ वर आला होता, भरड चुनखडीचा भाग मात्र ५.५ वर अडकला होता. कारण शोधण्यासाठी भरड भागातील मूठभर माती पाण्यात धुऊन पांढऱ्या ताटलीत पसरली, तर त्यात ज्वारीच्या दाण्यापासून मोहरीएवढे पांढुरके खडे जसेच्या तसे दिसले. त्यांच्यावर व्हिनेगरचे थेंब सोडताच बुडबुडे उठले. म्हणजे ज्या चुनखडीचे पैसे मी मोजले होते, ती आठ महिने मातीत पडूनही कामास लागलेली नव्हती. मातीतील आम्लाशी चुनखडीची अभिक्रिया कणाच्या पृष्ठभागावरच होते, आणि तेवढ्याच वजनात कण जितके बारीक, तितका हा पृष्ठभाग मोठा.

त्यामुळे पोत्याची किंमत पाहून निर्णय घेणे चूक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे उदासीनीकरण क्षमता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, जी शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट १०० धरून मोजतात. त्या मापात शुद्ध डोलोमाईट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडी) सुमारे १०९, विरवलेला चुना १३५ आणि कळीचा चुना सुमारे १७९ भरतो. दुसरी म्हणजे बारीकपणा. सर्वसाधारण हिशेबात ६० नंबरच्या चाळणीतून, म्हणजे पाव मिलिमीटरच्या छिद्रातून, पडणारा भाग पूर्ण उपयोगी धरतात, ६० आणि ८ नंबरच्या चाळण्यांमधला भाग निम्मा उपयोगी, आणि ८ नंबरच्या चाळणीवर उरणारा भाग शून्य.

मी दोन्ही पोत्यांतील १०० ग्रॅम कोरडा नमुना चाळून पाहिला. भरड चुनखडीतून ३० ग्रॅम बारीक पडली, ४० ग्रॅम मधल्या आकाराची निघाली आणि ३० ग्रॅम खडे वर उरले; म्हणजे उपयोगी भाग ५० टक्के. पोत्यावर क्षमता ९६ छापलेली होती, म्हणून प्रत्यक्ष कामाची क्षमता ४८. बारीक चुनखडीवर क्षमता ९२ च लिहिली होती, म्हणजे कागदावर ती कमी दर्जाची, पण तिच्यातील ९० ग्रॅम बारीक चाळणीतून पडली आणि उरलेली १० ग्रॅम मधल्या आकाराची होती, त्यामुळे प्रत्यक्ष क्षमता ८७ निघाली. भरड पोत्याची किंमत बारीक पोत्याच्या दोन तृतीयांश होती. बारीक चुनखडीच्या १०० पोत्यांचे काम करायला भरडीची सुमारे १८२ पोती लागतील, म्हणजे खर्च सुमारे एक पंचमांशाने जास्त. शिवाय वाहतूक आणि पसरण्याची मजुरी वेगळी. भरड चुनखडी निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल आणि घाई नसेल, तर मात्र तिचाही विचार करावा, कारण तिचे खडे पुढची काही वर्षे हळूहळू काम करत राहतात.

दाणेदार चुना ही बारीक भुकटीच दाण्यांत बांधलेली असते. ती हाताळायला सोपी आहे आणि धूळ उडत नाही, पण उदासीनीकरणाची ताकद त्यामुळे वाढत नाही. कळीचा चुना वजनाने कमी लागतो, तरी पाणी लागताच तापतो, डोळे आणि कातडी भाजतो, म्हणून मी तो घेतलाच नाही. जिप्सम पुष्कळांना चुन्याचा पर्याय वाटतो. त्यातून कॅल्शियम आणि गंधक मिळते, पण सामू वाढत नाही. डोलोमाईट घ्यायचा तो मातीत मॅग्नेशियम कमी असल्याचे परीक्षणात दिसले तरच.

बारीक चुनखडीच्या भागात घेवडा उपटून पाहिला तेव्हा मुळांवरच्या गाठी ठळक होत्या आणि चिरल्यावर आतून गुलाबी निघाल्या, म्हणजे नत्र स्थिर करणारे जीवाणू कामाला लागले होते. भरड भागात गाठी थोड्या आणि आतून फिकट होत्या. सामू ५.५ च्या खाली जाऊ लागला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांना बाधू लागतो आणि स्फुरदही अडकून राहतो, त्यामुळे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला.

मात्रा मात्र शेजाऱ्याची पाहून ठरवू नये. भारी, सेंद्रिय पदार्थ भरपूर असलेल्या मातीला तोच सामू गाठायला हलक्या रेताड मातीपेक्षा खूप जास्त चुना लागतो, म्हणून प्रयोगशाळेकडून चुन्याची गरजही काढून घ्यावी. जास्त झाल्यास जस्त, लोह आणि बोरॉनची कमतरता दिसू लागते आणि ती दुरुस्त करणे अधिक अवघड जाते. अमोनियमयुक्त खत आणि युरिया मी चुन्यासोबत एकाच वेळी टाकला नाही, कारण अमोनिया हवेत उडून जातो.

भरड भागात सध्या नवा चुना टाकलेला नाही. तेथील खडे अजून शिल्लक असल्याने एक पूर्ण वर्ष झाल्यावर माती पुन्हा तपासेन, आणि जी तूट दिसेल तेवढीच बारीक चुनखडीने भरून काढेन.