परतल्यानंतर: राजबागचे मैदान की मिरामारचा किनारा?

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानावर 18 होल्स चालत खेळून पणजीला परतल्यावर, अंगवळणी पडलेली ती चाल टिकवायची कशी, हा प्रश्न उभा राहतोच. काणकोणातील राजबागच्या रिसॉर्टचे 9 होल्सचे मैदान हा पहिला पर्याय. तेथेही समुद्र शेजारीच असल्याने वारा सुटला की चेंडू उंच न उडवता जमिनीलगत ठेवणे शहाणपणाचे ठरते, आणि हाताला लागलेले वळण शाबूत राहते. मात्र पणजीपासूनचे सुमारे 70 किलोमीटर आणि करमल घाटाची वळणे यांत अर्धा दिवस सहज जातो.

पणजीतच असलेल्या मिरामारला यातले काहीच आड येत नाही. ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवरून सहकुटुंब चालता येते, तेही विनाशुल्क. खुद्द ओल्ड कोर्सही एरवी रविवारी खेळासाठी बंद ठेवून गावकऱ्यांना फिरायला मोकळा असतो, ही प्रथा मला मनापासून आवडते.

माझा कौल रोजच्यासाठी मिरामारलाच आहे. राजबागला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, महिन्यातून एकदा, आधी फोनवर वेळ ठरवून जावे.