बिलावर मलई पनीर, खोक्यावर पामोलिन

मी चिंचवडमध्ये घरगुती डबे करून देते. आठवड्यातून दोनदा पनीर असतं आणि त्या दिवशी सहसा कुणी डबा बंद ठेवत नाही. पनीर जवळच्याच एका ठोक विक्रेत्याकडून यायचं. बिलावर ‘मलई पनीर (लूज)’ असं स्वच्छ लिहिलेलं असायचं. दर इतर डेअऱ्यांपेक्षा किलोमागे पंधरा-वीस रुपयेच कमी, तोही घाऊक गिऱ्हाईक म्हणून. त्यामुळे ‘स्वस्तात घ्यायला गेली आणि फसली’ असं म्हणायचीही सोय नाही. पैसे मी दुधाच्या पनीरचेच मोजत होते.

लग्नसराईच्या गर्दीत एकदा त्याच्या पोऱ्याने नेहमीसारख्या सुट्या लाद्या पिशवीत घालून आणण्याऐवजी न फोडलेलं खोकंच ओट्यावर ठेवलं आणि तो पळाला. आत प्लास्टिकमध्ये गच्च बंद केलेल्या लाद्या. प्रत्येकीवर घटक छापलेले: स्किम्ड मिल्क पावडर, रिफाइंड पामोलिन तेल, इमल्सिफायर, आम्लता नियामक. वर ‘ॲनालॉग’ असा शब्द. ‘पनीर’ हा शब्द कुठेही नव्हता. फ्रीजमध्ये आधीच्या खेपेची अर्धी लादी होती, ती शेजारी ठेवून पाहिली. तोच आकार, कडेला तीच जाळीची नक्षी.

फोन केला तर म्हणाला, “ताई, पोराने घोळ घातला, ते हॉटेलच्या ऑर्डरचं खोकं होतं.” मी दोन्ही लाद्या घेऊन दुकानात गेले तेव्हा सूर बदलला. “यात बेकायदेशीर काय आहे? फॅक्टरीला लायसन आहे, पाकिटावर सगळं लिहिलंय.” लिहिलंय खरं. पण ते पाकीट तो मागच्या खोलीत फाडतो, लाद्या पाण्याच्या ट्रेमध्ये सोडतो आणि काउंटरवर ‘ताजं मलई पनीर’ अशी पाटी लावतो. शेवटी तर म्हणाला, “तुम्हाला दुधाचंच हवं होतं तर तसं सांगायचं ना.” पनीर मागताना ते दुधाचं हवं हेही सांगावं लागतं, हे मला नवीन होतं.

त्याचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. दुधातले घटक काढून त्यांच्या जागी दुसरे घालून केलेला, दिसायला-वापरायला दुधाच्या पदार्थासारखा पदार्थ, म्हणजे ॲनालॉग, बनवणं आपल्याकडे गुन्हा नाही. तो पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे. पनीरच्या व्याख्येत कोरड्या अंशाच्या निदान ५० टक्के स्निग्धांश हवा आणि तो दुधाचाच हवा. सगळं अर्थकारण या स्निग्धांशात आहे. म्हशीच्या साधारण ५ लिटर दुधातून १ किलो पनीर निघतं. दूध ७० रुपये लिटर धरलं तर ३५० रुपये दुधालाच गेले. गॅस, मजुरी, वाहतूक वेगळी. उलट दुधातली साय काढून लोणी-तूप वेगळं विकलं, उरलेल्या दुधाची पावडर केली आणि साईच्या जागी पामोलिन घातलं की तीच पांढरी लादी कितीतरी स्वस्तात पडते. फॅक्टरी आपल्या दराने, आपल्या नावाने माल विकते. चोरी होते ती खोकं फोडल्यापासून काउंटरवर येईपर्यंतच्या दहा पावलांत.

पनीरमध्ये युरिया आणि डिटर्जंट असतं असं सांगणाऱ्या व्हिडिओंनी इथे मोठं नुकसान केलंय. लोक पनीरमध्ये विष शोधतात. घरात टिंक्चर आयोडीन होतं, म्हणून मीही तुकडा उकळून, गार करून त्यावर थेंब टाकून पाहिले. काहीही निळं-काळं झालं नाही. होणार कसं? आयोडीन फक्त स्टार्च पकडतं आणि या लादीत स्टार्च नव्हताच. तूरडाळीचं पाणी वगैरे घरगुती चाचण्यांवर मी तर अजिबात विसंबणार नाही. चरबी दुधाची की पामची, हे प्रयोगशाळेतच कळतं.

आणि चव? मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच. ॲनालॉग रश्श्यात कितीही उकळा, फुटत नाही, कोपरेसुद्धा शाबूत राहतात. मऊ, पांढरंशुभ्र, कशाचाही वास नाही. माझ्याकडून डबा घेणारे याच पनीरची तारीफ करत होते. नंतर मी म्हशीच्या दुधाचं आणायला लागले तेव्हा तक्रारी सुरू झाल्या. “काकू, पनीर भुगा झालंय,” “दुधाचा वास येतोय.” हिंजवडीत नोकरी करणारी, बाहेर जेवून जेवून तयार झालेली ही पंचविशीतली पोरं, त्यांच्या जिभेला पनीर म्हणजे तीच लादी. खोटं ओळखायला खरं आधी खाल्लेलं असावं लागतं, आणि इथे तर खरं पनीरच संशयास्पद वाटत होतं. यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी तुकडे मोठे करते आणि गॅस बंद करायच्या वेळी घालते, इतकंच.

मार्च २०२५ मध्ये आमदार विक्रम पाचपुते यांनी नकली पनीर थेट विधानसभेत आणून दाखवलं होतं. तेव्हा मला तो हॉटेलांचा प्रश्न वाटला होता. पण माझीही अन्न परवान्याची नोंदणी आहे. उद्या नमुना माझ्या स्वयंपाकघरातून घेतला गेला असता, तर पहिली विचारणा मलाच झाली असती. वाचवणार काय, तर ते बिल. म्हणून मी खोकं, पाकीट आणि जुनी बिलं जपून ठेवली आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळालाय, पुढचं त्यांच्या हातात.

स्वतः तपासून घ्यायचं असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. मेख अशी की, ‘हे मी तपासायला देणार आहे’ असं दुकानदाराला खरेदी करतानाच सांगावं लागतं. सांगितल्यावर तो कुठल्या ट्रेमधली लादी देईल, ते तुम्हीच ठरवा.

त्यामुळे लूज पनीर घेणाऱ्यांनी, विशेषतः डबे, मेस, केटरिंगवाल्यांनी, ट्रेमधली लादी दाबून बघण्यात वेळ घालवू नये. मूळ पाकीट मागा आणि घटकांत तेल आहे का ते वाचा. डेअरी स्वतः पनीर करत असेल तर सकाळी जाऊन करताना बघा. आणि बिलावर ‘म्हशीच्या दुधाचं पनीर’ किंवा ‘गाईच्या दुधाचं पनीर’ असं लिहून मागा. माझ्या आताच्या डेअरीवाल्याने थोडी कुरकुर केली, पण लिहून दिलं. त्याआधी ज्याला विचारलं होतं, त्याने “आमच्याकडे तसं लिहून द्यायची पद्धत नाही” म्हणून हात वर केले. त्याच्याकडून मी आता दहीसुद्धा घेत नाही.