तापलेली बुलेट सिग्नलला बंद पडते : पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे?

लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट ३५० ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. सकाळी गाडी एक-दोन किकमध्ये सुरू होते, गार इंजिनावर तक्रारीला जागा ठेवत नाही, आणि इंजिन पुरते तापले की सिग्नलला उभी राहताच बंद पडते. मग कितीही किका मारल्या तरी दाद देत नाही, आणि थोडा वेळ सावलीत थांबल्यावर काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा सुरू होते. अशा गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये दोन सल्ले मिळतात. जुने मिस्त्री म्हणतात की पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी तोंडे, आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर नवे टाकून सेटिंग नीट करून घ्या. तरुण मेकॅनिक म्हणतो की ती कटकट काढूनच टाका आणि तेच काम सेन्सरने करणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे कीट बसवा. मी माझ्या गाडीवर दोन्ही करून पाहिले आहे आणि माझा निर्णय झालेला आहे, तरी तो सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही.

पैसे खर्च करण्याआधी दोष इग्निशनमध्येच, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतच, आहे याची खात्री करून घ्यावी, कारण पेट्रोलची अडचण असलेल्या गाडीवर उत्तमातले उत्तम कीट बसवले तरी ती बंद पडायची ती पडणारच. गाडी कशी बंद पडते याकडे लक्ष दिले तर बरेच काही कळते. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन आधी दम सोडते, पिक-अप जातो, चोक क्षणभर लावला तर थोडे सावरते. इग्निशनचा दोष असेल तर इंजिन एकदम बंद होते किंवा मिसिंग मारत सायलेन्सरमधून फटाके काढते. बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे आणि आत हवा शिरल्याचा आवाज येतो का ते ऐकावे, कारण झाकणातले बारीक छिद्र बुजले असेल तर टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरत नाही. त्याच वेळी प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोलच्या वाटेकडे, म्हणजे कॉक, फ्लोट आणि पायलट जेट यांच्याकडे वळावे, ओला असेल तर ठिणगीकडे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी सहज धरते, त्यामुळे महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची कार्बोरेटरची वाटी उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. व्हॉल्व्ह उघडणारे पुश रॉडही तपासावेत. ते गार इंजिनावर बोटांनी सहज फिरले पाहिजेत. ॲल्युमिनियमचे रॉड लोखंडी सिलिंडरपेक्षा जास्त वाढतात, म्हणून गार असतानाच घट्ट बसवलेला रॉड तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बंद होऊ देत नाही आणि आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचे इंजिनाचे संथ चालणे, कोलमडते.

एवढे सगळे ठीक असूनही गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. पॉइंट उघडतात त्या क्षणी प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलमधला प्रवाह फटीवरून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो प्रवाह पोटात घेतो, म्हणून कॉइलमधले चुंबकत्व झटकन कोसळते आणि प्लगवर जोरदार ठिणगी पडते. कंडेन्सर आतून थकला की गार असताना काम चालवून नेतो आणि तापल्यावर पाय मागे घेतो. संध्याकाळी अंधारात पॉइंटवरचे, उजव्या बाजूचे गोल झाकण काढून इंजिन चालू ठेवले, तर निकाल डोळ्यांनी दिसतो. पॉइंटवर बारीकशी ठिणगी असणे स्वाभाविक आहे, पण निळी-पांढरी, चांगली ठसठशीत चमक दिसू लागली तर कंडेन्सर गेला असे समजावे.

पॉइंटचा दुसरा दोष हळूहळू वाढणारा असतो. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, तशी पॉइंटमधली फट कमी होते आणि टायमिंग मागे सरकते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. गाडी अधिक तापते, आयडलिंगला अडखळते, आणि मालक मात्र स्क्रू फिरवून कार्बोरेटरला दोष देत राहतो. फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची, कॅमवर अगदी किंचित ग्रीस लावायचे आणि पॉइंटच्या तोंडातून जाड कोरा कागद ओढून ती स्वच्छ ठेवायची, एवढी सेवा हा भाग मागतो. ती फार नाही. पण ती वेळच्या वेळी करावी लागते, आणि फट मोजायचे फिलर गेज हातात धरण्याची ज्यांना आवड नाही त्यांना ती जाचकच वाटणार. पॉइंटखालची वजने आणि स्प्रिंग, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार ठिणगीची वेळ बदलणारा ऑटो ॲडव्हान्स, जाम किंवा सैल झाले असतील तर नवे पॉइंट टाकूनही आयडलिंग वर-खाली होत राहते. बहुतेक गॅरेजमध्ये पॉइंटची प्लेट उचलून तिथपर्यंत कोणी जात नाही. शाफ्टचा बुश झिजला असेल तर फट प्रत्येक फेऱ्यात वेगळी पडते आणि मग गेज लावून काढलेल्या मापाला फारसा अर्थ उरत नाही.

या मार्गाचे सर्वांत मोठे दुखणे मात्र सुट्या भागांच्या दर्जाचे आहे. पुण्याच्या नाना पेठेत चार दुकाने फिरलात तर चार प्रकारचे कंडेन्सर मिळतील, सगळे खोक्यात बंद, सगळे चकचकीत, आणि त्यातला कोणता पावसाळा काढेल हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हे या एका वस्तूच्या बाबतीत मी तरी मानत नाही.

इलेक्ट्रॉनिक कीट या साऱ्या दुखण्यांना एका फटक्यात उत्तर देते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. घासणारी टाच नाही, जळणारी तोंडे नाहीत, कंडेन्सर नाही; फिरणारे चुंबक किंवा पाती सेन्सरसमोरून जाते आणि मोड्यूल, म्हणजे कीटची इलेक्ट्रॉनिक डबी, कॉइलचा प्रवाह तोडते. ज्या कीटमध्ये ॲडव्हान्सही मोड्यूलच सांभाळते, तिथे वजने आणि स्प्रिंगही निवृत्त होतात. माझ्या गाडीवर ते बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला. तापलेल्या इंजिनावर किक सोपी झाली, मधल्या वेगातले मिसिंग गेले, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अधिक एकसारखी ओढू लागली. चावी चुकून चालू राहिली आणि पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलेले असले, तर जुन्या रचनेत कॉइल तापून जाते आणि बॅटरी उतरते. इंजिन फिरत नसेल तर प्रवाह आपोआप बंद करणारे कीट यातूनही वाचवते. बसवताना शक्यतो कीटसोबत आलेली किंवा सांगितलेल्या रोधाची कॉइल आणि रेझिस्टर असलेली प्लग कॅप वापरावी, एवढी दक्षता पुरते. तेव्हा केवळ गुणांची यादी केली तर कीट उजवे ठरते, हे मला मान्य आहे.

असे असूनही आज माझ्या गाडीवर पॉइंट आहेत, आणि त्याचे कारण ब्रेक दिवा आहे.

जुन्या बुलेटचा अल्टरनेटर मंद वेगात जेमतेम वीज देतो. माझ्या गाडीत हेडलाइट बॅटरीवर चालतो, त्यामुळे रात्री सिग्नलला उभे राहिले की ३५ वॉटचा हेडलाइट आणि पाय ब्रेकवर असल्याने २१ वॉटचा मागचा दिवा असे दोन्ही बॅटरीतून ओढत असतात. १२ व्होल्टच्या हिशेबाने हे दोघे मिळूनच साडेचार अँपिअरच्या पुढे जातात, कॉइलची भूक वेगळी. इंजिन संथ चालत असताना बॅटरीत येणारी-जाणारी वीज दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा उणे बाजूला झुकतो आणि व्होल्टेज पडते. पॉइंटला याचे फारसे सोयरसुतक नसते. वीज कमी मिळाली तर ठिणगी थोडी फिकी पडते, पण पडते. मोड्यूलचे तसे नाही. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की त्याचे गणित बिघडते, आणि मग ते चुकीच्या क्षणी ठिणगी देते किंवा देतच नाही. परिणाम असा की दिवसा निर्दोष चालणारी गाडी रात्री सिग्नलला ब्रेक दाबून ठेवला की बंद पडू लागली. पाय काढला तर तग धरायची, दाबला की दोन-तीन ठोके अडखळून गप्प व्हायची. बॅटरी नवी टाकली, अर्थिंगची सगळी टोके घासून पुन्हा बसवली, रेग्युलेटर तपासून घेतला. फरक पडला, पण दोष पुरता गेला नाही. इतर कोणाच्या गाडीत अल्टरनेटर अधिक सशक्त असेल तर कदाचित हे कधी जाणवणारही नाही, आणि ज्या गाड्यांत हेडलाइट थेट अल्टरनेटरवर आहे तिथे बॅटरीवरचा भारही कमी असतो.

यावर सांगितला जाणारा सोपा उपाय म्हणजे आयडलिंग वाढवणे. तो उपाय चालतो, पण मला तोच सर्वांत जास्त खटकला. बुलेट घेणारा माणूस ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनची धाव लांब असलेल्या इंजिनाची संथ फायरिंग ऐकण्यासाठी ती घेतो. सिग्नलला उभे राहून ठोके मोजता येतील इतके ते इंजिन हळू चालावे, ही त्याची अपेक्षा असते. बंद पडू नये म्हणून स्क्रू आत फिरवत गेल्यावर तीच गाडी एखाद्या घाईतल्या पंपासारखी वाजू लागली. दोष झाकला गेला, गाडी बंद पडेना, पण चालवण्याचा आनंद मात्र गेला. मागच्या दिव्यात एलईडी टाकून भार कमी करता येतो आणि तो उपाय खरोखर चांगला आहे. पण तोवर माझे मन उठले होते.

दुसरे कारण लहान आहे, तरी ज्यांना बुलेटची सवय आहे त्यांना ते लगेच कळेल. पॉइंटच्या गाडीत चावी चालू करून किक हळू दाबली की ॲमीटरचा काटा पॉइंट मिटताना उणेकडे जातो आणि उघडताना मध्यावर येतो. काटा मध्यावर आला की सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे सरकवायचा आणि मग पूर्ण किक मारायची, ही पद्धत हाताला आणि पायाला इतकी बसलेली असते की तिच्यावाचून चुकल्यासारखे होते. इंजिन थांबलेले असताना प्रवाह बंद करणाऱ्या कीटमध्ये काटा हलत नाही. पिस्टन कुठे आहे हे केवळ पायाला जाणवणाऱ्या दाबावरून ओळखावे लागते. त्यात व्होल्टेज कमी असेल तर किक उलटण्याची शक्यता वाढते आणि उलटलेली बुलेटची किक घोट्याला चांगली आठवण देऊन जाते. शिवाय पॉइंटच्या गाडीत हा काटा निदानाचेही काम करतो. गाडी बंद पडल्यावर किक दाबताना काटा अजिबात हलला नाही तर वायर तुटली आहे किंवा पॉइंट एकमेकांना टेकतच नाहीत. काटा उणेवरच अडकून राहिला तर ते उघडत नाहीत किंवा कुठे तरी शॉर्ट झाले आहे. रस्त्याच्या कडेला, हेल्मेट बाजूला ठेवून, एकही स्क्रू न काढता एवढे कळते.

ताम्हिणीच्या पावसात पॉइंटमध्ये ओल शिरून माझी गाडी थांबलेली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. झाकण काढले, कोरड्या रुमालाने पुसले, कागद ओढला, आणि गाडी निघाली. कीट बिघडले असते तर त्या जागी मला काहीच करता आले नसते. कीट बिघडण्याचे प्रमाण पॉइंटपेक्षा कमी आहे, असे वापरणारे सांगतात आणि ते खरे असावे; पण मोड्यूल मरताना आधी सूचना देत नाही आणि तालुक्याच्या गावात मिळत नाही. पॉइंटचा संच मात्र जिथे बुलेटचे गॅरेज आहे तिथे मिळतो, कारण १९५५ मध्ये मद्रासला सुरू झालेले हे लोखंडी इंजिन थोड्याफार फरकाने या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत बनत होते.

६ व्होल्टच्या गाड्यांसाठी बहुतेक वेळा हा प्रश्नच उरत नाही. बहुसंख्य कीट १२ व्होल्टसाठी असतात, म्हणजे कॉइल, बल्ब, हॉर्न आणि बॅटरी यांच्यासह सगळेच बदलायचे. ज्यांची गाडी ५० वर्षांहून जुनी आहे आणि ज्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे, त्यांनी गाडी मूळ स्वरूपात राखण्याची अट लक्षात घेऊन जुनी प्लेट, पॉइंट आणि ऑटो ॲडव्हान्स जपून ठेवावेत.

जो रोज ऑफिसला बुलेटने जातो, लांबच्या प्रवासाला क्वचित निघतो, आणि ज्याला झाकण उघडण्याचा कंटाळा आहे, त्याने कीट घ्यावे. त्याला मी परावृत्त करणार नाही. बाकीच्यांना माझे सांगणे एवढेच आहे की आधी जुन्या साठ्यातला किंवा खात्रीच्या दुकानातला चांगला कंडेन्सर घ्यावा आणि तो इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, टाकीखाली कॉइलजवळ बसवून पाहावा. माझ्या गाडीचे तापल्यावर बंद पडणे एवढ्याने गेले, आणि खर्च कीटच्या तुलनेत नगण्य होता. तरीही कीटच घ्यायचे असेल तर पैसे देण्याआधी एका रात्री इंजिन चांगले तापवावे, आयडलिंग आपल्याला आवडते तितके संथ ठेवावे, हेडलाइट लावून ब्रेक दाबून धरावा आणि मिनिटभर ॲमीटरकडे पाहावे. काटा मध्याच्या आसपास राहिला तर कीट बसवायला हरकत नाही. उणेकडे जाऊन तिथेच राहिला तर आधी अल्टरनेटर आणि मागचा बल्ब यांची व्यवस्था लावावी.